सहा मापं

ती घटना आठवली की आधी डोळ्यांपुढे येतो तो रोपांचा ट्रे. ठाण्यात माझ्या टेबलावर लोकांनी काय काय आणून ठेवलं होतं. कोयते, फुटलेले मोबाईल, एकदा तर पाय बांधलेला जिवंत कोंबडा. पण मेलेल्या रोपांचा ट्रे माझ्या सगळ्या नोकरीत तेवढा एकदाच आला.

मी तेव्हा संगमनेर भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. मे महिना होता. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती आणि चहा यायचा होता. तेवढ्यात एक गृहस्थ ठाणे अंमलदाराला न जुमानता सरळ माझ्या खोलीत शिरले आणि त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. टोमॅटोची रोपं होती. वीतभरही नव्हती. पानं कडेनं करपून तपकिरी झाली होती आणि देठ मान टाकून पडले होते.

"साहेब, माझी सगळी रोपवाटिका अशी झालीय," ते म्हणाले. "पावसाळी टोमॅटोची रोपं हुती. लोकांनी बुकिंग केलंय. कुनीतरी मुद्दाम केलंय हे."

साठीकडे झुकलेला, कष्टानं वर आलेला माणूस होता. रोपवाटिकेचे मालक म्हणून त्या पंचक्रोशीत त्यांना मान होता. बोलताना त्यांचे डोळे भरून आले, तेव्हा मी चहा आधी त्यांच्या पुढे सरकवला आणि मग फिर्याद लिहून घ्यायला सांगितलं.

रोपवाटिकेत गेल्यावर गोष्ट अशी कळली. तिथल्या बोअरचं पाणी जड होतं. तसंच दिलं तर कोवळी रोपं पिवळी पडायची. म्हणून दोनशे लिटरच्या काळ्या टाकीत रोज सकाळी हायड्रोक्लोरिक ॲसिड मोजून घालायचं, काठीनं ढवळायचं आणि मग ते पाणी ट्रेंवर फवारायचं, अशी पद्धत होती. मोजायला पंचवीस मिलिलिटरचं प्लास्टिकचं माप होतं, त्यामुळे शंभर लिटरचा एक कॅन दोनेक वर्षं सहज पुरायचा. रोपं करपल्यावर टाकीतलं पाणी तिथल्या नव्या सुपरवायझरनं आम्लता मोजायच्या यंत्रानं तपासलं होतं. ते एवढं आंबट होतं की रोपं वाचती तरच नवल. म्हणजे विषबिष काही नव्हतं. नेहमीचंच ॲसिड होतं, फक्त जास्त पडलं होतं.

पंचनामा माझ्या हवालदारानं केला. या हवालदाराबद्दल सांगायलाच हवं. पंचनामा लिहायला बसला की तो काही म्हणजे काही सोडायचा नाही. दोन पंच उन्हात ताटकळत होते आणि हा ॲसिड ठेवायच्या शेडमधल्या एकेका वस्तूपुढे उभा राहून लिहीत होता. जुना रिकामा कॅन एक, तळाशी अर्धा पेला ॲसिड शिल्लक, झाकण नाही, तोंडाला प्लास्टिकची पिशवी सुतळीने बांधलेली. नवा कॅन एक, झाकण पक्के, दोन्ही कॅनचे लेबल सारखे. कुदळ एक, गंजलेली. टाकीमागच्या भिंतीवर खडूच्या रेघा एकूण सहा, पैकी चार पांढऱ्या, एक गुलाबी, एक हिरवी.

"आता रांगोळीचा पंचनामा करणार का?" मी त्याला म्हटलं.

"दिसलं ते लिवलं, साहेब," तो म्हणाला आणि पुढची वस्तू लिहायला लागला.

दुपारी ठाण्याच्या फोनवर टीप आली; फोन मीच उचलला होता. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. "टाकीत काय घातलं ते टाकीवाल्या मावशीला विचारा. पांढरा धूर निघताना मी डोळ्यांनी पाहिलाय," एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला.

टाकीवाली मावशी म्हणजे रोपवाटिकेत बारा वर्षं काम करणारी, पन्नाशी ओलांडलेली बाई. ख्रिस्ती वाड्यात राहायची. नवरा वारला होता, मुलगी लग्न होऊन दूर गेली होती. टाकीचं काम पहिल्यापासून तिच्याकडेच होतं. आठवड्यापूर्वी मालकांनी कृषी पदविका घेतलेला तो तिशीतला सुपरवायझर तिच्या वर नेमला होता. तेव्हा ती सगळ्यांदेखत मालकांना म्हणाली होती, "बारा वर्सांनी माझ्या हाताचं पानी वाईट झालं व्हय?" हे वाक्य चार जणांनी मला आपणहून सांगितलं.

हेतू मिळाला, टीप मिळाली. मी जीप पाठवली.

इथे मी माझी चूक कबूल करतो. महिलेची चौकशी तिच्या घरी जाऊन करायची, असा नियम आहे आणि तो मला पाठ होता. पण घाई होती, मालकांचे नातेवाईक ठाण्याबाहेर जमले होते, आणि मला वाटलं, तासाभराचं काम आहे. भर दुपारी सगळ्या वाड्यानं पाहिलं की मावशीला पोलीस जीपमध्ये बसवून नेलं. स्टेशन डायरीत मात्र 'स्वखुशीने हजर' अशी नोंद झाली. ती नोंद माझ्याच अक्षरात आहे.

महिला अंमलदाराला शेजारी बसवून मी चौकशी सुरू केली. मावशी खुर्चीच्या कडेला बसली होती. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला होता आणि हातांची बोटं ॲसिडनं खरखरीत झाली होती.

"टाकीत काय घातलंत?"

"ॲसिड. रोज घालते तेच."

"किती?"

"सा मापं."

मी मालकांच्या वहीचा फोटो तिच्यासमोर धरला. मालकांनी बारा वर्षांपूर्वी स्वतः हिशेब करून लिहून ठेवलं होतं, एका टाकीला चार मापं. "इथे चार लिहिलंय. तुम्ही सहा घातलीत. दीडपट. रोपं मरणार हे माहीत होतं ना?"

"सा मापं म्या आजच न्हाई घातली, साहेब. वरीस झालं, साच घालते. रोपं कवा मेली न्हाईत."

"मालकांना माहीत होतं?"

"न्हाई. त्यांनी इचारलं न्हाई, म्या सांगितलं न्हाई."

मी आवाज चढवला. खरं सांगितलं तर सोडतो, मालकाशी तडजोड करून देतो, असलं सगळं बोलून झालं. तीस वर्षांत अंगवळणी पडलेल्या त्या सगळ्या युक्त्या होत्या. ती दर वेळी तेवढंच म्हणायची, "सा मापं." रडली नाही, हात जोडले नाहीत. एकदाच म्हणाली, "ती रोपं म्या पेरल्यात, साहेब. बी बोटानं दाबलंय. कोन मारील?"

दिवस मावळायच्या आत तिला घरी सोडलं. अटक दुसऱ्या दिवशी दाखवायची, असं मनात ठरवलं होतं. कागद तयारच होते.

चहा पिताना हवालदार म्हणाला, "साहेब, एक बोलू का? खोटं बोलायचं असतं तर तिनं चार सांगितलं असतं."

मी कप खाली ठेवला. गोष्ट साधी होती आणि माझ्या लक्षात आली नव्हती, याचा मला रागच आला. वहीत चार आहे हे तिला ठाऊक होतं. 'चार घातली' एवढं म्हणून ती मोकळी झाली असती आणि मी उरलेलं आयुष्य पुरावा शोधत बसलो असतो. स्वतःच्या अंगाशी येणारा आकडा माणूस पुन्हा पुन्हा सांगतो, तेव्हा बहुतेक वेळा तो आकडा खरा असतो. अटक मी एक दिवस पुढे ढकलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडला सील ठोकायला गेलो. दाराला कुलूप घालून लाखेचं सील लावायचं होतं. मी कडी ओढली आणि कोयंडा माझ्या हातात आला. गंजून अगदी पापडासारखा झाला होता.

"ही कडी कधीची आहे?" मी मालकांना विचारलं.

"दोन वर्सं बी न्हाई झाली. ह्या शेडला लोखंडच टिकत न्हाई, साहेब. त्या खताच्या शेडची कडी त्याच दिवशी बसवली हुती, बघा की."

खताचं शेड पंधरा पावलांवर होतं. तिथली कडी चांगली धडधाकट होती. पाऊस दोन्ही शेडवर सारखाच पडलेला, लोखंड एकाच दुकानातलं. मग इथे लोखंड खातंय कोण? पंचनाम्यातली गंजलेली कुदळ आठवली. सुतळीनं पिशवी बांधलेला कॅन आठवला.

"याचं झाकण कुठे गेलं?"

"आनला त्याच म्हयन्यात तडकलं. म्हणून पिशवी बांधली. ॲसिड काय कुठं पळून जातंय?" मालक म्हणाले.

मला रसायनशास्त्रातलं काही कळत नव्हतं. शाळेत त्या विषयात मी कसाबसा पास झालेला माणूस. पण लोखंड खाणारं जे काही होतं ते त्या कॅनमधूनच हवेत जात होतं, एवढं पोलिसाच्या डोक्यालाही समजलं. आणि हवेत जात असेल तर कॅनमध्ये कमी होत असणार.

शेडच्या पायरीवर बसून मी सुपरवायझरला बोलावलं आणि त्यानं काय पाहिलं ते विचारलं. तो म्हणाला, "मावशींनी माप ओतलं तेव्हा पांढरा धूर निघाला, सर. मी डोळ्यांनी पाहिलाय." हे शब्द मी फोनवर ऐकले होते. मी त्याच्याकडे नुसता बघत राहिलो. त्याचे कान लाल झाले.

"फोन मीच केला, सर," तो म्हणाला. "पण खोटं नाही बोललो. त्याआधी आठवडाभर मी रोज शेजारी उभा होतो. धूर कधीच निघाला नव्हता. त्या दिवशी एवढा निघाला की त्यांनी पदर नाकाला लावला. मला वाटलं, दुसरं काहीतरी मिसळलं."

"त्या दिवशी कॅन कुठला होता?"

तो विचारात पडला. "नवा. जुना आदल्या दिवशी संपला होता."

मी दोन्ही कॅनमधले नमुने रीतसर सील करून सरकारी प्रयोगशाळेकडे पाठवले. पण तिथून अहवाल यायला महिने लागतात, आणि तोवर मावशीनं काय करायचं? म्हणून कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना विनंती केली. ते माझ्याच वयाचे होते आणि त्यांना उत्साह भारी. पंचांसमोर त्यांनी दोन्ही कॅनमधून सारखंच ॲसिड मोजून घेतलं, तितकंच पाणी आणि रंग दाखवणारं औषध घातलं आणि वरून काचेच्या नळीतून ॲसिडला मारणारं द्रावण थेंब थेंब सोडत बसले. रंग गुलाबी झाला की थांबायचं. नव्या ॲसिडला नळी बरीच रिकामी झाली. जुन्याला दोन तृतीयांशातच रंग आला.

"यात नवल काही नाही," ते हात पुसत म्हणाले. "हे ॲसिड म्हणजे पाण्यात विरघळलेला वायू. तोंड सैल राहिलं, वर पत्रा तापला, की वायू निघून जातो आणि पाणी मागे राहतं. कॅन भरलेलाच दिसतो. वास येतो, बोट भाजतं, म्हणून माणसाला वाटतं की आहे तसंच आहे. ताकद मात्र उतरत जाते. एका हद्दीपर्यंत उतरली की मग धूरही दिसेनासा होतो."

"म्हणजे जुन्याची सहा मापं..."

"नव्याच्या चार मापांएवढी. बरोबर चार."

तिथे उभे असलेले मालक खिशातून वही काढून चाराचा आकडा पुन्हा बघू लागले.

आता एकच गाठ सुटायची राहिली होती. ही सहा मापं मावशीनं ठरवली कशी? या वेळी मी जीप पाठवली नाही. महिला अंमलदाराला आणि हवालदाराला घेऊन तिच्या घरी गेलो. तिनं दार उघडलं, पण बसा म्हणाली नाही. ते बरोबरच होतं. मी उभ्यानंच विचारलं.

"पयल्यांदा चारच घालत हुते," ती म्हणाली. "तो जुना कॅन नवा आला तवा बी चारच. मग त्या वर्सी दिवाळीनंतर पानं पिवळी पडाया लागली. म्हनलं, पानी जड झालं आसंल. येक माप वाढवलं, रोपं हिरवी झाली. पुढं गेल्या उन्हाळ्यात परत पिवळी. अजून येक वाढवलं. इसरू नये म्हनून भितीवर मापागनिक रेघ मारली."

"खडूनं?"

"व्हय. रविवारच्या शाळंत मी लेकरास्नी शिकवते. तिथला खडू पिशवीत असतो. जो हाताला लागंल तो."

चार पांढऱ्या, एक गुलाबी, एक हिरवी. मागे उभ्या हवालदारानं घसा खाकरला. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

दोन वर्षं कॅनमधली ताकद कमी होत होती आणि ही बाई, ना यंत्र ना कागद, नुसती पानांकडे बघून ती भरून काढत होती. एकही ट्रे वाया गेला नाही. मग त्याच लेबलाचा नवा कॅन आला. त्यात पुरी ताकद होती आणि तिच्या हाताला सहाची सवय लागलेली. मालकांनी वही बघितली, मी वही बघितली, सुपरवायझरनं धूर बघितला. पानं तेवढी तिनं एकटीनं बघितली होती. माझ्यासमोर तिघंजण आले आणि तिघंही खरं बोलले. खोटी नोंद म्हणाल तर सबंध तपासात एकच होती, ती माझी.

मी गुन्ह्यात 'क' समरी पाठवायचं ठरवलं. गुन्हा गैरसमजुतीतून दाखल झाला, कोणाचाही दोष नाही, असा अहवाल न्यायालयाला जातो आणि प्रकरण मिटतं. स्वतःच्या चुकीबद्दल वरिष्ठांना वेगळा खुलासा लिहिला. त्यावर मला ताकीद मिळाली, ती माझ्या सेवापुस्तकात आहे आणि ती तिथे आहे याचं मला आज बरं वाटतं.

हे सगळं सांगायला मी महिला अंमलदारासह पुन्हा तिच्या घरी गेलो. मालक आधीच येऊन ओट्यावर बसले होते. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती.

"मावशी, चुकलो," ते म्हणत होते. "दोन वर्सं तुमी माझी रोपं जगवली आन मला पत्ता न्हाई. उद्यापास्नं या. बुकिंगवाले थांबायला तयार हायत. पंचवीस दिवसांत परत रोपं उभी करू."

मीही माझ्या चुकीची माफी मागितली. अहवालाचं सांगितलं. तुमच्यावर आता कसलाही ठपका नाही, असं म्हटलं.

"कागदावर ना?" तिनं विचारलं.

"हो."

"तो कागद कोन वाचनार, साहेब? मला जीपमधनं नेलं ते समद्यांनी बघितलं. दोन रविवार झालं, मी चर्चला गेले न्हाई. लेकरांच्या आया काय म्हनतील? ॲसिडवाली बाई आमच्या पोरांस्नी शिकवती?" तिनं पदर खांद्यांवरून घट्ट ओढला. "तुमी नेलं तसंच आनून सोडा."

मला आधी नीट समजलं नाही. महिला अंमलदाराला समजलं. तिनं माझ्या कानाशी सांगितलं.

पुढच्या रविवारी सकाळी मी पूर्ण गणवेश चढवला. टोपी, पट्टा, बूट चकचकीत. सरकारी गाडी अशा कामाला वापरता येते का, याचा नियम मी मुद्दाम शोधला नाही. वाड्यापुढे जीप उभी केली. मावशी पांढरी, निळ्या काठाची साडी नेसून तयार होती. हातात बायबल आणि खडूची पिशवी. मागच्या बाकावर जायला लागली, तेव्हा मी पुढचं दार उघडलं आणि स्वतः मागे हवालदाराशेजारी जाऊन बसलो.

चर्चच्या अंगणात माणसं जमत होती. जीप दिसली तशी बोलणी थांबली. मी खाली उतरलो, दार धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मावशी, तुम्हाला विनाकारण त्रास झाला. चूक आमची होती." एवढंच पाठ करून आलो होतो. पुढे काय बोलायचं ते सुचेना, म्हणून मी सॅल्यूट ठोकला. नियमात तोही बसत नसावा.

फ्रॉकवाल्या दोन मुली धावत आल्या आणि "टीचर, टीचर" करत तिच्या हातातली खडूची पिशवी ओढायला लागल्या. पाळक पायऱ्या उतरून पुढे आले.

रोपवाटिकेत आजही मावशीच टाकी बघते. सुपरवायझरनं तिची माफी मागितली आणि तिला यंत्र वाचायला शिकवलं. तीही त्याला पानं वाचायला शिकवते आहे. नव्या कॅनला पक्कं झाकण आहे आणि त्यावर उघडल्याची तारीख खडूनं लिहिलेली असते. मीही निवृत्तीनंतर घरातल्या ॲसिडच्या बाटलीवर तारीख घालतो, त्यावरून बायको हसते. लेबल बाटली भरली त्या दिवसापुरतं खरं असतं, हे मला त्या प्रकरणानं शिकवलं. माणसाविषयी जुन्या भांडणावरून मनात चिकटवलेलं लेबलही मी तेव्हापासून पुन्हा तपासून घ्यायला लागलो.

त्या रविवारी मी निघायला म्हणून जीपमध्ये बसलो, तर मावशी चर्चच्या पायरीवरून परत खाली आली. काही विसरली की काय, असं मला वाटलं.

"साहेब, घाई न्हाई ना?" तिनं विचारलं. "जीप जरा हितंच उभी राहू द्या. उशिरा येनारी मानसं लई हायत."